करमुक्त घरटं

माणसांना जकातनाके बसवायचं सुचलं नव्हतं त्या काळी रानाच्या बाजारात एकच नियम होता: माल कुणाचाही असो, नाक्यावर एक दाणा ठेवायचा आणि आत जायचं. पुढे ससे आणि खारींनी आपसात करार केला, की आपल्या दोघांच्या हद्दीतल्या मालावर दाणा नको. मग मोरांनी तितरांशी केला, तितरांनी सशांशी. वर्षभरात करार बाजारातल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाले.

अठरा दिवस विणलेलं घरटं घेऊन सुगरण पक्षी नाक्यावर मुंगसापाशी आला. त्याची गिऱ्हाईक मुनिया आज-उद्यात अंडी घालणार होती, म्हणून तो घाईत होता.

"हा घ्या दाणा, मुंगूसराव."

"असा कसा घेऊ? गवत कुणाच्या हद्दीतलं?"

"अहो, मिळेल तिथलं! चारही माळांवरचं."

"मग एकेक काडी तपासावी लागेल. तुम्हाला सवलत असताना दाणा घेतला, तर अन्याय होईल."

"होऊ द्या की अन्याय! मी दोन दाणे देतो."

"नियम म्हणजे नियम."

सुगरण बघत राहिला आणि मुंगूस काड्या उपसत राहिला. दिवस मावळता मुनिया धापा टाकत आली.

"दादा, माझं घरटं?"

मुंगसाने काड्यांच्या चार ढिगांकडे समाधानाने पाहिलं.

"अभिनंदन, ताई," तो म्हणाला, "सगळं करमुक्त निघालं."