तीन वर्षं स्वतंत्र सल्लागार

“काय येत न्हाई तुम्हाला?”

यशोधनने बॅग खाली ठेवली. टेकडी चढून त्याला धाप लागली होती. आल्या आल्या कुणी पाणी विचारायचं सोडून हे विचारील, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“म्हणजे?”

“म्हंजे, कोणतं काम जमत न्हाई? हितं येणाऱ्या परत्येकाला इचारतो. जे जमत न्हाई, तेच काम द्यायचं. काम केलं की जेवण.”

एवढं सांगून रावजीबाबांनी भाकरी थापायला घेतली. मठाचे प्रमुख स्वतः चुलीपुढे बसतात, हे यशोधनला आवडलं. भाकरी मात्र आवडली नाही. तिला तीन कोपरे आले होते आणि चौथा यायच्या बेतात होता.

“बाबा, किती वर्षं भाकऱ्या करताय?”

“एकतीस.”

यशोधनने पुन्हा भाकरीकडे पाहिलं.

“आजची बरी जमली,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ती तव्यावर टाकली.

मठाची रीतच तशी होती. अंगणात जे गृहस्थ झाडू मारत होते, त्यांचा जन्म मिठाईच्या दुकानात गेला होता. इथे त्यांना चुलीजवळ यायला बंदी होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका लाकडं फोडत होत्या आणि त्यांची कुऱ्हाड दोनातून एकदा जमिनीवरच पडत होती. मठातलं जेवण कसं असेल, ते वेगळं सांगायला नको. तरी माणसं येत राहायची, याचं गावाला मोठं नवल होतं.

यशोधन टिळेकर मात्र भक्तिभावाने आला नव्हता. त्याला पाठवलं होतं डॉक्टर मालश्यांनी.

पुण्यात हे दोघं एका व्हेंचर कॅपिटलच्या कंपनीत होते. नव्याने उद्योग काढणारी माणसं हेरायची, त्यांच्यात पैसा घालायचा आणि उद्योग उभा राहीपर्यंत त्यांच्या पाठीशी राहायचं, हा तिचा धंदा. कुणात पैसा घालायचा हे पाच जण ठरवत. यशोधन त्यांचा प्रमुख. बाकी चौघांत एक शल्यविशारद, म्हणजे हे मालशे. एक बँकेतून आलेल्या बाई, एक सैन्यातले कर्नल आणि एक औषधांच्या कारखान्याचे व्यवस्थापक. आता सहावं माणूस घ्यायचं होतं.

त्या जागेसाठी रेवती खैरमोडे नावाच्या बाईंचा अर्ज आला होता, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

रेवतीबाईंनी भाज्या वाळवायचा कारखाना काढला होता. सहा वर्षं चालवला. मग तो बंद पडला. अर्जात त्यांनी तसंच लिहिलं होतं : ‘कारखाना बंद पडला. चुका माझ्या.’ खाली त्या अकरा चुका ओळीने लिहिल्या होत्या. एकीतही सरकारचा, हवामानाचा किंवा नशिबाचा उल्लेख नव्हता.

चौघांत दोन मतं हो, दोन नाही. आता यशोधनच्या मतावर सगळं अडलं होतं. त्याने नकाराचं पत्र तयार केलं होतं. संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायचं, एवढंच बाकी होतं. तर मालशे म्हणाले, “सहीच्या आधी एक दिवस रावजीबाबांकडे जाऊन या. मी महिनाभर राहून आलोय.” तिथे काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, “म्हशी राखल्या.” त्यापुढे एक शब्द नाही.

मालश्यांचा शब्द मोडवेना, म्हणून यशोधन आला. नकाराला बाबांचा दुजोरा मिळाला तर बरंच, असंही मनात होतं.

“मग?” बाबांनी भाकरी उलटली. “काय येत न्हाई?”

यशोधनने खरंच विचार केला. गाडी चालवायला येत होती. पोहायला येत होतं. स्वयंपाक… बऱ्यापैकी यायचा.

“तसं… असं काही खास नाही, बाबा.”

“मग काम न्हाई.”

“नसू दे. मला फक्त एक विचारायचं होतं.”

“काम न्हाई तर जेवण न्हाई. इचारा खुशाल.”

दुपार होत आली होती. यशोधन पहाटे चहावर निघाला होता आणि पोटात कावळे ओरडत होते. त्याने ते मनावर घेतलं नाही आणि बाबांना रेवतीबाईंचा अर्ज, त्यातल्या अकरा चुका, सगळं सांगितलं. बॅगेतून कंपनीची पुस्तिका काढली आणि मधलं पान उघडलं. गुळगुळीत कागद, पाच फोटो, प्रत्येक फोटोखाली चार ओळी. त्या माणसाने याआधी कुठे कुठे काम केलं, काय काय गाजवलं, ते सगळं. ज्या कंपनीत पैसा घालायचा, तिच्या मालकाला हे पान आधी पाठवायची त्यांच्याकडे पद्धत होती. आपल्या पाठीशी कोण कोण आहे, ते त्याला कळावं म्हणून.

“यात त्यांचं नाव आलं तर काय छापायचं?” यशोधन म्हणाला. “कारखाना बंद पाडला, असं?”

बाबांनी पिठाचे हात झटकले. “मला वाचता येतं. पर चष्मा फुटलाय. तुम्हीच वाचा.”

यशोधनने वाचलं. “डॉक्टर मोरेश्वर मालशे. शल्यविशारद. बावीस वर्षांत नऊ हजारांवर शस्त्रक्रिया.”

“मालशे!” बाबा एकदम खुलले. “आमचे डॉक्टर! दोनदा म्हैस हरवली त्यांनी. एकदा तर रडले बगा.”

“ते… यात नाही.”

“का बरं?”

यशोधन हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी नवा गोळा घेतला.

“फुडं.”

यशोधनने बँकेतल्या बाईंचं वाचलं, कर्नलांचं वाचलं, कारखान्याच्या व्यवस्थापकांचं वाचलं. त्याचा आवाज आपोआप भारदस्त झाला. हे पान त्याने स्वतः लिहिलं होतं. एकेक शब्द पारखून घेतलेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“ही सगळी मान्सं तुमच्याकडं येणाऱ्यांना काय इचारतात?”

“पहिला प्रश्न मीच ठरवून दिलाय,” यशोधन म्हणाला. “आजवर तुम्ही कुठे फसलात? जो सरळ सांगतो, त्याचंच आम्ही पुढे ऐकतो. जो नुसता आपला मोठेपणा सांगत बसतो, त्याला चहा देऊन वाटेला लावतो.”

“चांगलं हाय,” बाबा म्हणाले. “आन् तुमचं?”

“माझं काय?”

“तुमचं वाचायचं ऱ्हायलं की.”

यशोधनने पुस्तिका वर धरली. स्वतःच्या फोटोखालच्या चार ओळी त्याला तोंडपाठ होत्या, तरी तो बघून वाचू लागला.

“यशोधन टिळेकर. यंत्र अभियंता. वाहन उद्योगात नऊ वर्षं. त्यानंतर तीन वर्षं स्वतंत्र सल्लागार. त्यानंतर—”

“थांबा. तीन वर्षं काय?”

“स्वतंत्र सल्लागार.”

“कुणाला सल्ला दिला?”

चुलीत लाकूड तडतडलं. बाहेर कुऱ्हाड पुन्हा जमिनीवर पडली आणि मुख्याध्यापिका स्वतःवरच चिडून काहीतरी पुटपुटल्या.

यशोधनने पुस्तिका मिटली.

बाबा वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना खोच. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

“कुणालाच नाही,” यशोधन म्हणाला.

“मंग तीन वर्षं काय केलं? सांगा की.”

“गाड्या होत्या माझ्या,” यशोधन म्हणाला. आवाजातला भारदस्तपणा कुठल्या कुठे गेला होता. “थंड गाड्या. तळेगावची फुलं मुंबईला न्यायच्या. जरबेरा, गुलाब. पहिलं वर्ष छान गेलं. मग मी हाव केली, एकदम गाड्या वाढवल्या. गाडी थंड ठेवायची यंत्रं स्वस्तातली घेतली. ती उन्हाळ्यात बंद पडली. लग्नसराई होती. सगळी फुलं गाडीतच काळी पडली… एकदा नाही, चारदा. चारही वेळा मी ड्रायव्हरवर ढकललं.”

“आन् मग?”

“बंद केलं. बावीस माणसं होती. मी त्यांना फोनवर सांगितलं. समोर जायची हिंमत झाली नाही.”

हे त्याने बायकोलाही पुरतं सांगितलं नव्हतं. आपण एका पिठाने माखलेल्या म्हाताऱ्याला हे का सांगतोय, ते त्याला कळेना. डोळे मात्र भरून आले होते. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं झालं.

बाबांनी भाकरी तव्यावरून काढली. ती मधे कच्ची आणि कडेला जळकी होती. त्यांनी ती टोपलीत वर ठेवली.

“काय येत न्हाई तुम्हाला?” त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच सुरात, जणू यशोधन आत्ताच टेकडी चढून आला होता.

यशोधनने हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं.

“हे… सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“झालं तर!” बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “काम मिळालं. पंगत बसतीय. पस्तीस-चाळीस मान्सं असतील. उभं ऱ्हायचं आन् आत्ता सांगितलं तेच सांगायचं. मग ताट.”

“बाबा… सगळ्यांसमोर?”

“लाकडं फोडणार का त्याऐवजी?”

“फोडतो की!” यशोधन घाईने म्हणाला.

“येतात का फोडता?”

“हो. गावी फोडलेली आहेत.”

“मग ते न्हाई मिळायचं.”

पंगत बसली. यशोधन उभा राहिला. कंपनीत शंभर माणसांपुढे तो न अडखळता तासभर बोलायचा. इथे पहिल्याच वाक्याला त्याला घाम फुटला. दोनदा थांबला. ड्रायव्हरचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिसऱ्यांदा थांबला, आणि मग घेतलं. शिवलिंग कोरे. नंतर बावीस माणसांचं सांगितलं. फोनचंही सांगितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हळहळलंही नाही. मिठाईवाले गृहस्थ सरकून बसले आणि त्यांनी शेजारी जागा केली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आमटी वाढा त्यांना. खारट झालीये, पण गरम आहे.”

यशोधन जेवला. आमटी खारटच होती आणि त्याने ती दोनदा मागून घेतली.

निघायच्या वेळी तो पुन्हा चुलीजवळ आला. बाबा परात घासत होते. राखेचे पांढरे पट्टे परातीवर तसेच राहत होते. घासायचं कामही त्यांना जमत नव्हतं, हे उघड होतं.

यशोधनने खिशातून नकाराचं पत्र काढलं. घडी उघडली. खालची सहीची जागा कोरी होती. त्याने एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा चुलीकडे, आणि मग ते आत सरकवलं. कागद पेटायला वेळ लागला नाही.

बाबांनी मान वर करून तेवढं पाहिलं आणि पुन्हा परात घासायला लागले.

यशोधनला आता बरं वाटत होतं. जरा जास्तच बरं वाटत होतं. मघाचा भारदस्तपणा आवाजात थोडा परत आला.

“ठरलं, बाबा,” तो म्हणाला. “रेवतीबाईंना घेतो मी. आजच कळवतो.”

बाबांचा हात थांबला.

“अकरा चुका लिहिल्यात म्हनता त्यांनी?”

“हो. अकरा.”

“आन् तुम्ही आज पयल्यांदा सांगितल्या. त्याबी उपाशी होता म्हणून.”

बाबांनी परात पालथी घातली.

“मग त्या तुम्हाला घेतील का, ते आदी इचारा.”