अध्यक्षांवर पुष्पवृष्टी

मिरजेतल्या रिमोट हेलिकॉप्टरांच्या हौशी क्लबात एक रीत होती. आपटलेलं हेलिकॉप्टर पुन्हा उडवायचं तर आधी क्लबच्या कारागिराची वहीत सही हवी. क्लबचे अध्यक्ष हेगिष्टे यांचं भलंमोठं परदेशी हेलिकॉप्टर परवाच आपटलं. तर या महाशयांनी काय करावं? तडकलेलं पातं गोंदाने चिकटवलं, वरून रंग फासला आणि शाळेच्या संमेलनात मुलांवर फुलं उधळायला ते घेऊन आले!

कारागीर नसीमा मुजावर हिने पात्यावरून नख फिरवलं, तर ते रंगाखालच्या तड्यात अडकलं. "साहेब, हे पातं बदलावं लागेल."

"मला शिकवू नकोस. सही कर, नाहीतर उद्यापासून क्लबचं एकही काम तुला मिळणार नाही."

नसीमाने सही केली आणि समोरचा माइक उचलला. "मुलांनो, तुम्ही सगळे लांब मागे जाऊन बसा. पहिली फुलं अध्यक्षांवर पडणार! साहेब, रिमोट माझ्याकडे द्या आणि या मधल्या खुर्चीवर बसा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेगिष्टे मात्र पांढरेफटक पडले.

"वेड लागलंय का तुला? पातं निखळलं तर माझी मान उडेल!"

माइक चालूच होता. अख्ख्या मैदानाने ते ऐकलं. एका आईने तर किंचाळून आपल्या मुलीला पोटाशी ओढलं.

नसीमाने वही उघडून स्वतःच्या सहीवर काट मारली.

"साहेब, मुलांच्या माना तुमच्यापेक्षा बारीक आहेत."