शाल्मलीच्या काचा

"पण सर, माणसांवरच्या चाचणीला शाल्मलीचंच औषध का?"

प्रद्योतने हे विचारलं तेव्हा टिपणीस सर खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. ते घालतच राहिले.

आतड्याची सूज वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसली, की पुढे कर्करोगाचं भय असतं. या सुजेवर सरांचे दोन विद्यार्थी औषध शोधत होते. प्रद्योत आधी आलेला, शाल्मली मागून आलेली. पण पुढे गेली ती. तेव्हापासून प्रद्योतच्या अंगाचा तिळपापड होत होता. आतड्याचा अभ्यास करणाऱ्याच्याच पोटात दुखावं, आणि त्यावर अख्ख्या प्रयोगशाळेत औषध नसावं!

"ठरलंय असं कोण म्हणालं?" सर म्हणाले. "तिच्या औषधानं उंदरांची सूज उतरली, खरं. पण त्याच औषधानं कर्करोगाला रान मोकळं करून दिलं असेल तर?"

त्यांनी एक पेटी पुढे सरकवली. आत काचपट्ट्या, प्रत्येकीवर शाल्मलीच्या उंदरांच्या आतड्याचा पातळ काप.

"तू तपास. तुझा शब्द शेवटचा."

"मी? सर, मी तर तिचा..."

"माहीत आहे."

प्रद्योत सूक्ष्मदर्शकाला चिकटला तो चिकटलाच. डबा तसाच राहिला. एकेका पेशीची त्याने उलटतपासणी घेतली.

एका कापात एक ग्रंथी जरा वाकडी दिसली, कर्करोगाची सुरुवात असावी तशी. त्याने लेखणी उचलली. नुसतं 'संशयास्पद' म्हटलं, की शाल्मलीचं औषध तिथंच अडकणार. मग पाळी त्याच्याच औषधाची.

त्याने भिंग बदलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग लेखणी खाली ठेवली.

संध्याकाळी तो पेटी घेऊन सरांपुढे उभा राहिला.

"सापडला?"

प्रद्योतने पेटी टेबलावर ठेवली.

"प्रद्योत?"

"एका ठिकाणी वाटलं, की आहे... नाही सर. कर्करोग नाही. कुठंच नाही." त्याने पेटी सरांकडे सरकवली. "मला तो हवा होता, सर. फार हवा होता."

"तिनं तपासलं होतं. मीही तपासलं होतं," सर म्हणाले. "आम्हा दोघांनाही तो नको होता. म्हणून मला झोप येत नव्हती."

त्यांनी पेटी मिटली. शाल्मलीचं औषध पुढे जाणार, हे आता ठरलं. प्रद्योत दारापर्यंत गेला आणि थांबला.

"सर... माझ्या औषधाच्या काचा तयार झाल्या, की त्या कोण तपासणार? शाल्मली?"

सरांनी पुन्हा पाण्याचं भांडं उचललं.

"तूच," ते म्हणाले. "आजच्याच डोळ्यांनी."