नव्या बरणीचे ओरखडे

वस्तूंना अजून वाचा होती त्या काळी, जुन्या बाजारातल्या एका तरटावर चिनी मातीच्या दोन बरण्या शेजारी शेजारी बसत. थोरली कळकट, काठाचा टवका उडालेली. धाकटी नवीकोरी, पांढरीशुभ्र.

पारखी यमुताई आल्या की थोरलीलाच मांडीवर घेत. धाकटीचा नुसता जळफळाट होई. "त्या थेरडीत एवढं काय आहे?" असं म्हणत तिने अंगाला चहाचा चोथा फासला आणि शेजारच्या बत्त्याकडून अंगभर ओरखडे काढून घेतले, काठही फोडून घेतला.

"पस्तावशील," बत्ता म्हणाला.

पुढच्या रविवारी यमुताईंनी दोघींना उपडं करून पाहिलं. थोरलीचं बूड जिथे जमिनीला टेकायचं, तेवढ्याच कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं.

"ही साठ-सत्तर वर्षं कुणाच्या तरी फडताळात सरकत आली आहे," यमुताई सोबत आलेल्या सुनेला म्हणाल्या. "या दुसरीला मात्र कुणीतरी मुद्दाम म्हातारी केलंय. वापराने बुडावर असे चहूकडे ओरखडे पडत नाहीत."

थोरली पिशवीत गेली. धाकटी आतल्या आत धुमसत राहिली.

सून तरटावर शोधत होती. "आई, लिंबाच्या लोणच्यासाठी आपण ती पांढरी बरणी हेरून ठेवली होती ना?"

"तिच्यासाठीच तर आले होते," यमुताई हळहळल्या. "विकली गेली वाटतं."