कोठारातली धामण

फार पूर्वी, सात टेकड्यांपलीकडच्या एका राज्यात, वेणू नावाची मुलगी आठ वर्षे दूरच्या नगरात शिकून आपल्या गावी परतली. गावच्या कोठारातली धामण आपल्याला ओळखेल, असे तिला वाटले होते. कडब्याच्या गंजीत सापडलेले ते बोटाएवढे पिल्लू लहानपणी तिनेच तर ओंजळीतून आणले होते. वाटभर ती मनात तेच घोकत आली. आपण हात पुढे करू, धामण हातावर चढेल, आणि सगळे गाव पाहत राहील.

प्रत्यक्षात झाले ते असे. वेणू कोठारात धावत शिरली आणि पुरुषभर लांबीची ती धामण सर्रकन कणगीमागे गेली. पुन्हा बाहेर आलीच नाही.

तुम्ही लहान असा की मोठे, आधी एवढे समजून घ्या. त्या गावाचे सगळे धान्य एकाच कोठारात राही, आणि जिथे धान्य तिथे उंदीर. म्हणून गावाने धामण पाळली होती. तिला विष नव्हते. तिची देखभाल वेणूची सगुणाआत्या करी. आई गेल्यावर वेणूला वाढवले तेही या आत्यानेच.

आत्याची रीत ठरलेली होती. आत जाण्याआधी ती उंबऱ्यावर टाचेने तीनदा ठोके. सापाला हाक ऐकू येत नाही, पण जमिनीचा हादरा कळतो. मग ती थांबे. धामणीची जीभ लवलवत असली तर पाऊल टाकी. मान वाकडी करून आखडलेली दिसली तर आल्या पावली परत फिरे. धामणीने उंदीर गिळला की आठ दिवस तिला हात लावायचा नाही. कात टाकायची वेळ आली की तिचे डोळे राखेसारखे होतात, तिला धड दिसत नाही. तेव्हा तर आत जायचेही नाही. कोठार झाडण्यासाठी तिला उचलावेच लागले, तर झोपलेले मूल उचलावे तसे, खालून, दोन्ही हातांनी.

वेणूला याचे हसू येई. ती म्हणाली, “आत्या, तू तर सासऱ्यासारखी दारात खाकरून आत जातेस.”

“खाकरतेच,” आत्या म्हणाली. “घर तिचं आहे.”

वेणू उथळ नव्हती. तिच्या मनात एक मोठी गोष्ट होती. त्या गावचे लोक कोठारातल्या धामणीला जपत, पण शेतात साप दिसला की काठीने ठेचत. धामण गाईचे दूध पिते, धामणीच्या शेपटीने माणूस लुळा पडतो, असे काहीबाही सांगत. नगरात वेणूने शिकवण घेतली होती की भीती दुराव्यातून जन्मते आणि स्पर्शाने मरते. गावातल्या प्रत्येकाने एकदा धामण हातात घेतली, की पुन्हा कुणाची काठी उठणार नाही, अशी तिची खात्री होती. त्यासाठी धामण माणसाळायला हवी होती.

म्हणून वेणू रोज तिला उचलू लागली. पहिल्या दिवशी धामण फुत्कारली, अंगाला पीळ देत सुटायला पाहू लागली, आणि तिच्या अंगाचा उग्र दर्प वेणूच्या कपड्यांना लागला. वेणूने तिला सोडले नाही. प्रेमाने धरले आहे, हे तिला आज ना उद्या कळेलच, असे ती म्हणे. आठ दिवसांनी फुत्कार थांबला. पंधरा दिवसांनी पीळ थांबला. महिना होता होता धामण तिच्या हातांत निपचित पडून राहू लागली.

वेणूने आनंदाने आत्याला बोलावून दाखवले. आत्या बराच वेळ पाहत राहिली.

“जीभ बघ,” ती म्हणाली. “एकदाही बाहेर आली नाही. जागता साप जिभेने सगळं हुंगत असतो. ही तुझ्या हातात नाही, वेणू. ही कुठेतरी आत जाऊन बसलीय.”

वेणूला ते लागले. इतकी वर्षे तू तिला सांभाळलेस, पण कधी जवळ घेतले नाहीस, माया म्हणजे काय हे तुला काय ठाऊक, असे ती बोलून गेली. ते केवळ धामणीविषयी बोलले गेले नव्हते, हे आत्याला कळले होते.

पुढे नवे धान्य कोठारात भरण्याचा दिवस आला. त्या दिवशी सगळे गाव अंगणात जमत असे. धामण एकेकाच्या हाती देण्यासाठी वेणूने पाटलांची परवानगी घेऊन ठेवली होती. सकाळी आत्या कोठारात डोकावून आली आणि तिने वेणूला बाजूला घेतले. परवाच धामणीने उंदीर गिळला होता, आणि आज तिच्या डोळ्यांवर राख चढली होती.

“आज नको,” आत्या म्हणाली. “पंधरा दिवस थांब.”

वेणूने अंगणाकडे पाहिले. जन्मभर सापाला भ्यायलेले लोक धीर करून रांगेत उभे होते. आज ते आले होते. पंधरा दिवसांनी येतील याचा भरवसा काय? आणि महिनाभर धामण किती शांत होती. वेणू आत गेली आणि तिला घेऊन बाहेर आली.

सुरुवात फार छान झाली, हे खोटे सांगता येणार नाही. बांधावरचे कितीतरी साप मारलेला एक म्हातारा शेतकरी धामण हातात घेऊन तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. एवढी मऊ असते, हे त्याला माहीत नव्हते. एका बाईने ती नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली की घरातल्या माणसापेक्षा ही बरी, ऐकून तरी घेते. सगळे हसले. धामण या हातातून त्या हातात जात राहिली. तिने ना मान हलवली, ना जीभ काढली. वेणूच्या डोळ्यांत पाणी आले. आपले काम झाले, असे तिला वाटले.

मग सहा वर्षांची तानी पुढे आली. तिने लाडाने, थेट वरून, धामणीच्या डोक्यावर हात ठेवला. धूसर डोळ्यांना फक्त वरून झेपावणारी सावली दिसली. धामण चावली.

रक्ताचे चार थेंब आले, एवढेच. पण तानी किंचाळली, बापाने धामणीला फरशीवर झटकून टाकले आणि गर्दी मागे सरली. वेणू ओरडून सांगत होती की हिला विष नाही. कुणाला ते ऐकू गेले नाही. काठी आणायला एक माणूस गोठ्याकडे धावला. तेवढ्या वेळात धामण सहज कणगीमागे गेली असती. दार उघडे होते, आणि तिच्याइतके चपळ त्या गावात कुणी नव्हते. पण ती फरशीवर निपचित पडून राहिली. माणसे भोवती असली की हलायचे नाही, एवढेच तिला महिनाभर शिकवले गेले होते.

काठी तीनदा पडली.

सूर्य मावळण्याआधी बांधांवर आणखी पाच साप मारले गेले. त्यातल्या एकानेही कुणाला काही केले नव्हते. साप तो सापच, महिनाभर हातात खेळून शेवटी उलटला, असे लोक एकमेकांना सांगत होते. म्हाताऱ्या शेतकऱ्यानेही काठी धरली होती.

आत्याने आणि वेणूने धामणीला कोठारामागे पुरले. तिच्या अंगावरची जुनी कात निस्तेज झाली होती. आठ-दहा दिवसांत ती नव्या अंगाने बाहेर आली असती. आत्या रागावली नाही. ती रागावली असती तर वेणूला सोसणे सोपे गेले असते.

शेवटी वेणूनेच विचारले, “मला कळलं कसं नाही, आत्या?”

“ती तर रोज सांगत होती,” आत्या म्हणाली. “तिला ओरडता येत नाही. डोळे मिटावे तर पापण्या नाहीत. जेवढं येत होतं, त्यात तिनं तुला नाही म्हटलं. ते तुला बुजरेपण वाटलं. मग ती दमली, आणि तुला वाटलं, तिनं जीव लावला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे नगराकडे जाणारा तांडा गावाबाहेर थांबला होता. वेणूचे गाठोडे बांधलेले होते. आत्या थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. वेणूने गाठोडे उचलले, पुन्हा खाली ठेवले, आणि ती तानीच्या घराकडे निघाली. तिने ठरवले होते, की आधी तानीच्या बापाला आणि मग गावातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगायचे, धामण उलटली नव्हती, चूक माझी होती. लोक ऐकोत वा दार लावून घेवोत, शेतातल्या सापांवरची काठी थांबेपर्यंत गाव सोडायचे नाही.

मुक्या जिवाच्या गप्प राहण्याला होकार समजू नये. त्याचा नकार ओळखता येत नाही, तोवर आपल्या प्रेमाचाही त्याला जाचच होतो.