दम कुणाला नाही?

जत्रा-जत्रांतून तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे एक सर्जेराव तोडकर होते. त्यांची बायको हौसाबाई दारात उभी राहून तिकिटं फाडायची. काय दिवस होते ते! जनरेटर धडधडला की वाड्यावस्त्यांवरची माणसं गाड्या जुंपून यायची. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि तंबू कायमचा गुंडाळला गेला.

म्हातारपणी सर्जेरावांना जुन्या जत्रा पुन्हा बघायची हुक्की आली. त्यांनी एका गाडीतच छोटं घर केलं. हौसाबाईंना ऊन सोसत नसे, म्हणून त्यात एसी बसवला. मागे जनरेटर.

चैत्रातल्या एका जत्रेत गाडी थांबली. सर्जेरावांनी हौसेने रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या, कर्ण्यावर जुनी गाणी लावली. ओळखीची माणसं जमली. "आले बघा तंबूवाले!" म्हणू लागली. सर्जेरावांची छाती फुगली.

आत मात्र हौसाबाईंना घेरी येऊ लागली. सर्जेरावांनी घाईने एसीचं बटण दाबलं. एसी गुरगुरला, जनरेटरचा आवाज बसला आणि सगळंच बंद पडलं. जनरेटर पुन्हा चालू केला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी जनरेटर तिसऱ्यांदा चालू केला, माळा पुन्हा उजळल्या, आणि चिडून त्यांनी त्याला लाथ हाणली.

"मेल्यात दमच नाही!"

हौसाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "अहो, दम कुणाला नाही? त्याला की तुम्हाला? सिनेमाचं मशीन चालू करताना तुम्हीच ओरडायचात ना, आधी दिवे घालवा म्हणून?"

सर्जेराव चपापले. खरंच की! सुरू होतानाच मशीन सगळ्यात जास्त वीज ओढतं, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं? पण बाहेर माणसं होती. त्यांच्यासमोर दिवे घालवायचे म्हणजे शोभा व्हायची. त्यांनी एकदा माळांकडे पाहिलं, एकदा बायकोच्या घामेजल्या चेहऱ्याकडे. मग माळा, कर्णा, गाडीतला फ्रीज, सगळं बंद केलं.

"संपला वाटतं खेळ!" कोणीतरी हसलं. माणसं पांगली. ते हसणं सर्जेरावांना लागलं, नाही असं नाही.

दोनदा अडखळलेल्या एसीलाही पुन्हा सुरू होण्याआधी जरा विसावा हवा होता. तोवर ते ओल्या पंच्याने हौसाबाईंना वारा घालत बसले. मग एकदाच बटण दाबलं. जनरेटर कण्हला, दबला आणि सावरला. गार वारा सुटला. हळूहळू हौसाबाईंच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"आता लावा की तुमचे दिवे," त्या म्हणाल्या. "आता पेलेल त्याला."

"राहू दे गं," सर्जेराव म्हणाले. "इतक्या जत्रा केल्या. तू दारात, मी मशीनपाशी. दोघं शेजारी बसून एकही खेळ पाहिला नाही आपण."

हौसाबाई सरकल्या आणि त्यांना टेकायला जागा करून दिली.

तात्पर्य इतकंच: आपल्या माणसाला बळ हवं असतं तेव्हा आपला झगमगाट बाजूला ठेवावा, आणि जरा दम खावा.