हातात राहिलेला भाकरतुकडा

एकदा एक वयोवृद्ध दिग्दर्शक होते. सारा मुलूख त्यांना अण्णा म्हणत असे. अण्णांनी आयुष्यभर चित्रपट काढले, आणि खरे सांगायचे तर एकच चित्रपट पुन्हा पुन्हा काढला. त्यात कुणीतरी घर सोडून जाई. कधी रुसून, कधी पोटासाठी, कधी फौजेत. मागे राहिलेली माणसे वाट पाहत. आणि शेवटच्या रिळात गेलेले माणूस दारात येऊन उभे राही. जाणकार मंडळी नाक मुरडत. ‘अण्णांचा माणूस परत येणारच, मग बघायचे काय?’ असे म्हणत, आणि पहिल्या खेळाला हजर असत.

आपल्याकडची रीत ठाऊक आहेच. फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला एकदम आत घेत नाहीत. त्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात, पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकतात, डोळ्यांना पाणी लावतात आणि मगच ‘ये’ म्हणतात. अण्णांच्या चित्रपटांनी या रितीला थिएटरात आणले. बायका पदराच्या गाठीत भाकरीचा तुकडा बांधून येत. पडद्यावर ते माणूस दारात उभे राहिले, की खुर्चीत बसल्या बसल्या तुकडा ओवाळून खाली टाकत. खेळ सुटल्यावर थिएटरचा मालक ते तुकडे झाडून गोळा करवी आणि घरी पाठवी. त्याची म्हैस अण्णांच्या चित्रपटांवर पोसली आहे, असे गावात चेष्टेने म्हणत.

अण्णांनी उतारवयात एक शेवटचा चित्रपट काढला. ‘यापुढे नाही’ असे त्यांनीच जाहीर केले, म्हणून गर्दी लोटली. कथा तीच होती. बापाशी भांडून मुलगा घरातून निघून जातो. आई रोज सकाळी दार उघडते, संध्याकाळी लावून घेते. शेवटच्या रिळात आई दार उघडते, उंबऱ्यात बसते, रस्त्याकडे बघते. बायकांनी गाठी सोडल्या, तुकडे हातात घेतले. पडद्यावर उघडे दार होते, त्यापुढे रिकामा रस्ता होता, आणि चित्रपट संपला.

मग जे व्हायचे ते झाले. निम्मे लोक म्हणाले, अण्णांनी आयुष्याचे सार्थक केले. निम्मे म्हणाले, अण्णांना म्हातारचळ लागला. वर्तमानपत्रात एका विद्वानाने त्या उघड्या दारावर अडीच रकाने लिहिले. दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून तीन लिहिले. न्हाव्याच्या दुकानात एकाची अर्धी दाढी झालेली असताना वाद पेटला, आणि तो तसाच उठून गेला. नवरा-बायको एकाच खेळाहून दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी गेल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

अण्णांचा एक शिष्य होता. ऐन तारुण्यात तो अण्णांकडे आला होता, आता कानशिले पांढरी होऊ लागली होती. गुरूची निंदा त्याला ऐकवेना. त्यातच थिएटरच्या मालकाने त्याला गाठले आणि सरळ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगितले, “हे बघा, लोक खुर्च्या फाडायचे तेवढे राहिलेत. पोरगं दारात आलेलं दाखवा, शेवट जोडून द्या. नाहीतर शुक्रवारी मी हा चित्रपट उतरवणार. अण्णांचा शेवटचा चित्रपट असा उतरलेला तुम्हाला बघवेल का?”

शिष्याला ते बघवणार नव्हते. आणि मालकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती. मुलगा परत आल्याचे दृश्य चित्रित झालेले होते. त्यात मुलाची फक्त पाठ दिसणार होती, म्हणून अण्णांनी मुलाचे काम करणाऱ्या नटाला न बोलावता शिष्यालाच खांद्याला पिशवी देऊन दारापर्यंत चालायला लावले होते. दृश्य इतके छान उतरले होते, की आईचे काम करणाऱ्या बाईंना रडू आवरेना. पण रिळांच्या जोडणीच्या वेळी अण्णांनी ते पाहिले, पुन्हा पाहिले आणि काढून ठेवले. का, ते शिष्याने विचारले नाही. गुरूला विचारण्याची अण्णांकडे पद्धत नव्हती. तेवढे रीळ मात्र त्याने एका डब्यात जपून ठेवले होते.

तो डबा घेऊन तो अण्णांकडे गेला. अण्णा खाटेवर पडून होते. दम्याने त्यांना बेजार केले होते. शिष्याने सगळे सांगितले आणि हात जोडून म्हणाला, “अण्णा, एवढा तुकडा जोडू द्या. लोक तुम्हाला नावं ठेवतात ते मला सोसत नाही.”

अण्णांनी डब्याकडे पाहिले. मग म्हणाले, “उद्या दुपारच्या खेळाला जाऊ. माझं उपरणं तेवढं धुऊन ठेवायला सांग.”

दुसऱ्या दिवशी दोघे थिएटरवर गेले. पण अण्णा आत गेले नाहीत. खेळ सुटायच्या वेळी ते बाहेरच्या पायरीवर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी उपरणे पसरून, बाहेर पडणाऱ्या बायकांना म्हणू लागले, “माई, हातात तुकडा राहिला असेल तर इथं घाल. घरी नेऊ नकोस.”

ज्यांच्या दारात पुढारी येऊन बसत, ते अण्णा भर दुपारी भिक्षेकऱ्यासारखे उभे! शिष्य शरमेने अर्धा झाला. लोक थबकले, कुजबुजले. एक तरणी सून तुकडा टाकताना फणकारली, “ह्यो घ्या तुमचा शेवट!” अण्णांनी मान लववली. एकीने तुकडा कपाळाला लावून ठेवला. एक पुरुष हसून म्हणाला, “अण्णा, आता म्हैस पाळली काय?” त्यावर अण्णाही हसले.

मग एक मध्यम वयाची बाई आली. तिचे डोळे सुजले होते. तुकडा ठेवून ती हळूच म्हणाली, “माझा भाऊ गेल्याला लई वर्षं झाली, अण्णा. तुमच्या समद्या सिनेमांत माणूस परत यायचं. मला वाटायचं, आमचंच काय चुकलं? आज पयल्यांदा आमच्या घरावानी घर बघितलं.”

शिष्याचा चेहरा उजळला. तो अण्णांना काही म्हणणार, तोच मागून एक थकलेली म्हातारी काठी टेकत आली. तिने मूठ घट्ट मिटली होती. अण्णांनी उपरणे पुढे केले, तिने मूठ मागे घेतली.

“न्हाई देत,” ती म्हणाली. “माझा ल्योक घरला येत न्हाई, ते मला ठावं हाय की रं. त्येच बघाया तिकीट कशापायी काढू? हितं तरी येत हुता! दर बारीला मी हितं त्येच्यावरनं तुकडा उतरायची. तू त्येबी बंद केलंस.”

एवढे बोलून ती तशीच मूठ मिटून निघून गेली.  ती दिसेनाशी होईपर्यंत अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर अण्णांनी ते तुकडे ताटात काढले. ज्वारीचे होते, बाजरीचे होते, काही वाळून कडक झाले होते. त्यांनी त्यावर ताक ओतले, चिमूटभर मीठ टाकले आणि जेवायला बसले. शिष्याला आता राहवले नाही.

“अण्णा, हे काय चाललंय? लोकांनी चिडून टाकलेलं तुम्ही खाताय?”

“चिडून टाकलं असेल, पण आणताना मायेनं आणलं होतं,” अण्णा म्हणाले. “मी काढलेल्या एका खोट्या पोरासाठी या बायांनी आपल्या घासातला तुकडा बांधून आणला. तो पोर आला नाही. मग हे खायचं कुणी? ज्यानं त्याला येऊ दिलं नाही, त्यानंच खायला हवं.”

“मग येऊ दिलं असतं तर? दृश्य तयार होतं. ते तुम्ही काढलंत का?”

अण्णांनी घास खाली ठेवला.

“तू फार चांगला चाललास, म्हणून काढलं. दारापाशी तुझं पाऊल अडखळलं, ते मी सांगितलेलं नव्हतं. ते तुझं होतं. मी म्हटलं, वा! पण मी ‘पुरे’ म्हटल्यावर तू डोळे पुसलेस, चहा मागितलास, आणि दिवसभर हलका होऊन गाणी म्हणत होतास. जोडणीच्या वेळी तुझी ती पाठ दोनदा बघितली. बापाशी भांडून माझ्याकडे आलास, त्यानंतर एकदाही गावाकडे गेला नाहीस. आणि इथं पिशवी घेऊन चार पावलं चाललास, नि घरी जाऊन आल्याचं समाधान तुझ्या तोंडावर! मला प्रश्न पडला, माझ्या चित्रपटांत असे किती जण खुर्चीत बसल्या बसल्या घरी जाऊन आले असतील? पोटभर रडले असतील, आणि आपापल्या खोलीवर जाऊन निवांत झोपले असतील? मी आयुष्यभर लोकांना घरी पोचवतोय असं समजत होतो, आणि त्यांना घरी जाण्यापासून मोकळं करत होतो. म्हणून या वेळी रस्ता रिकामा ठेवला. त्यावरून कुणी खरा चालत जावा म्हणून.”

शिष्याची मान खाली गेली. तो म्हणाला, “मग ती म्हातारी चुकली ना?”

“नाही रे बाबा. तिचं अगदी खरं आहे. त्या भावाच्या बहिणीचंही खरं आहे. दोघींचं दुःख एकच. एकीला ते कुणीतरी बघायला हवं होतं, दुसरीला ते घटकाभर विसरायचं होतं. एका चित्रपटात दोन्ही कसं देणार? मला ते जमलं नाही. लोक दोन तट करून भांडतात, त्यांना भांडू दे. मला त्या म्हातारीचं घर तेवढं शोधून दे. मी तिच्याकडे जाऊन बसेन म्हणतो. तेवढंच माझ्या हातात आहे.”

बोलता बोलता त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर त्यांनी ताटातला एक कोरडा तुकडा उचलून शिष्यापुढे धरला.

“डबा तुझ्यापाशी आहे. जोडायचा तर जोड, मी आडवा येणार नाही. पण आधी हा हातात घे. असाच एक तुकडा घेऊन कुणी बसलं आहे का, ते तुझं तुला माहीत.”

शिष्याने तो तुकडा घेतला आणि रुमालात बांधला. रिळाचा डबा त्याने अण्णांच्या खाटेखाली सरकवून दिला. थिएटरवर जाऊन म्हातारीच्या घराचा पत्ता काढला, तो अण्णांना कळवला आणि मालकाला सांगितले, “शेवट आहे तोच राहील.” मालक म्हणाला, “मग शुक्रवारी उतरवतो.” शिष्य म्हणाला, “उतरवा.” आणि तिथूनच त्याने गावाकडची एसटी धरली.

शुक्रवारी चित्रपट खरोखरच उतरला. त्या दिवशी अण्णा धापा टाकत म्हातारीच्या खोपटात जाऊन बसले होते. तिने आधी तोंड फिरवले, मग चहा ठेवला, मग आपल्या लेकाच्या लहानपणच्या खोड्या सांगायला सुरुवात केली, आणि अण्णा दिवे लागेपर्यंत ऐकत राहिले. तिचा मुलगा काही आला नाही. पण पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा दारात बसली होती, तेव्हा निदान अण्णा येतील हे तिला ठाऊक होते.

आणि शिष्य? तो घरापाशी पोचला तेव्हा दार उघडे होते. बाप ओट्यावर बसून दोर वळत होता. त्याने मुलाला ओझरते पाहिले आणि नजर पुन्हा दोराकडे वळवली. ‘या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस’ असे त्यानेच सांगितले होते. शिष्य अंगणात उभा राहिला. चित्रपटात अडखळले होते तसे पाऊल आता अडखळलेही नाही; ते उचलेचना.

आतून आई हात पुसत बाहेर आली. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले. तिची दृष्टी अधू झाली होती, पण उभे राहण्याची ढब तिने ओळखली.

“थांब,” ती म्हणाली. “तितंच थांब. हलू नगंस.”

आणि लगबगीने आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, डबे उघडल्याचा आवाज झाला. बराच वेळ ती बाहेर येईना. तेव्हा बापाने मान वर न करताच आत ओरडून विचारले, “का गं? भाकरी न्हाई व्हय? नसली तर शेजारनं मागून आण. किती येळ उभं करतीस त्याला?”

शिष्याने रुमालाची गाठ सोडली. तुकडा आपल्याजवळ आहे, एवढेच त्याला सांगायचे होते.  त्याने तो तळहातावर ठेवून हात पुढे केला. बापाने दोर खाली ठेवला, उठून अंगणात आला आणि तो तुकडा स्वतःच्या हातात घेतला.

चित्रपट चांगला की वाईट यावर आपण जरूर भांडावे, जिवंतपणाचे ते लक्षण आहे. मात्र भांडून घसा बसला की, आपली कुणी वाट पाहत आहे का, एवढे एकदा आठवून पाहावे.